लॉजचं लाल कार्पेट

दुपारी झोपायची गुणाजीला जुनी सवय. कंपनीच्या तीन शिफ्टांत फिरता फिरता उभा जन्म गेला, त्यामुळं उन्हातान्हात पडदे ओढून झोपायचं त्याला कधी काही वाटलं नाही. रिटायर होऊन वर्ष होत आलं तरी जेवण झालं की डोळे आपोआप जड व्हायचे. त्या दिवशीही तो आतल्या खोलीत आडवा झाला होता. बाहेर आषाढाचा पाऊस लागून राहिला होता. अनिता, त्याची बायको, बचत गटाच्या मीटिंगला गेली होती.

जाग आली ती घरघर आवाजानं. कुणीतरी घशात पाणी घोळवून गुळणी करतंय, पण टाकतच नाही, असा आवाज. गुणाजी उठून हॉलमध्ये आला आणि पहिल्याच पावलाला थांबला. पायाखालचं कार्पेट पचकन दबलं आणि बोटांच्या बेचक्यांतून गार पाणी वर आलं.

भिंतीशी लोखंडी स्टँडवर माशांची काचेची टाकी होती. कालपर्यंत काठोकाठ भरलेली टाकी आता निम्म्याच्याही खाली आली होती. खालच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन सुटून पाण्याची बारीक चादर काचेवरून उतरत होती. पाणी खाली गेल्यामुळं फिल्टर नुसती हवा ओढत होता, घरघर त्याचीच. सगळे मासे तळाशी एका बाजूला दाटीवाटीनं उभे होते, गाडी चुकलेल्या माणसांसारखे.

कंपनीत गुणाजीनं किती गळत्या बघितल्या असतील! लाइन फुटली, व्हॉल्व्ह तडकला, की बाकीचे पळायचे आणि हा पुढं जायचा. आधी काय बंद करायचं, मग कुणाला सांगायचं, सगळं हातांना पाठ होतं. इथं मात्र तो आपल्याच घरात खुळ्यासारखा उभा राहिला. मग एकदम भानावर येऊन त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग ओढला, आणि फुटक्या कोपऱ्यावर तळहात दाबून धरला. पाणी हाताखालून वाट काढून कोपरापर्यंत ओघळायला लागलं.

असं किती वेळ धरून राहणार? कापड हवं होतं. खांद्यावरचा टॉवेल क्षणात भिजला. त्यानं कपाट उघडलं, त्यात साड्या होत्या. दुसरं उघडलं, त्यात स्टीलची भांडी. घराचे हप्ते त्यानं भरले होते, रंग त्यानं काढून घेतला होता, पण जुनं कापड या घरात कुठं ठेवतात ते त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी ओल्या हातानं त्यानं अनिताला फोन लावला.

"जुन्या चादरी कुठं असतात गो?"

"कशाला? कोण आलंय?"

"कोण नाय आलं. टाकी फुटली."

"कंची? गच्चीवरची?"

"माशांची."

गुणाजीनं मनाची तयारी केली. ही टाकी आणल्यापासून अनिताला डोळ्यांसमोर नको होती. मासे घरी आणायचे ते कालवणासाठी, काचेत ठेवून तोंड बघत बसायला नाय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आता ती काय बोलणार ते त्याला माहीत होतं.

"तुमाला काच नाय ना लागली?" अनितानं विचारलं.

"नाय."

"पायात चपला घाला. चादरी पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत हायत. आले मी."

ती आली ती भिजूनच. छत्री दारात उघडीच टाकून तिनं पदर खोचला, हॉलवर एक नजर फिरवली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. येताना तिच्या हातात कालवणाचा मोठा टोप आणि तांदूळ धुवायची रोवळी होती.

"नळाचं पाणी नको," गुणाजी घाईनं म्हणाला. "तेच टाकीतलं घे. नाहीतर मरतील."

"म्हाईत हाय. रोज तुमची बडबड ऐकते ना मी."

तांब्यानं तिनं टाकीतलं पाणी टोपात घेतलं. मग रोवळी घालून एकेक मासा उचलला. दोन सोनेरी, तीन काळे, आणि एक चपटा पट्ट्यापट्ट्यांचा, जो गुणाजीचा सगळ्यांत लाडका होता. तो काही केल्या रोवळीत येईना. अनितानं हात घातला आणि ओंजळीतच त्याला धरलं. बाजारात जिताडा निवडताना ती असाच कल्ला बघून हात घालायची. या वेळी मात्र बोटं तिनं सैल ठेवली होती.

"या टोपात मी आजवर कालवणंच केली," मासा पाण्यात सोडताना ती म्हणाली.

"हळू बोल. त्यांना कळंल."

ती हसली. मग दोघंही हसली. हॉलभर ओल झाली होती आणि दोघं टोपावर वाकून हसत होती.

पुढचं काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. पेटीतल्या चादरी कार्पेटवर पसरायच्या, त्यांवर उभं राहून तुडवायचं, चादर जड झाली की दोघांनी दोन टोकं धरून बादलीत पिळायची. बादली भरली की मोरीत ओतायची. गुणाजी शेतकऱ्याचा पोर. कासूजवळच्या गावात त्याच्या भावांची भातशेती अजून होती, आणि चिखलात पाय मारायचं त्याच्या अंगात होतं. पण अनिताचा पिळा त्याच्यापेक्षा घट्ट बसायचा. त्याच्या बाजूची चादर नुसतीच वळायची, तिच्या बाजूनं पाण्याची धार लागायची.

कार्पेट लाल होतं. तसलं गडद लाल, जे हल्ली कुणी घरात घालत नाही. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते पसरलं होतं, आणि मुलं लहान होती तेव्हापासून तिथंच होतं. वरवरचं पाणी निघालं तरी पाय ठेवला की पचपच यायचीच.

"खालपर्यंत गेलंय," अनिता म्हणाली. "उचलावं लागंल."

सोफा सरकवला, टीव्हीचं टेबल बाहेरच्या खोलीत नेलं. गुणाजीनं कोपऱ्यातून कार्पेट धरून ओढलं. ते इतकं जड झालं होतं की त्याला गुडघे टेकावे लागले. आणि कार्पेट वर येताच खाली त्याला दिसल्या त्या गोधड्या. एक नाही, सगळ्या हॉलभर. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, थोरल्या सुजयच्या शाळेच्या खाकी पँटच्या तुकड्यांच्या. कडेला कड लावून एकमेकींना शिवलेल्या आणि पाण्यानं फुगून काळ्या पडलेल्या.

"ह्या कशाला घातल्यास खाली?"

अनिता चादर पिळत होती. तिनं मान वर केली नाही. "आवाज येऊ नये म्हणून."

"कसला आवाज?"

"पोरांचा. खुर्च्यांचा. खेळण्यांचा." तिनं चादर झटकली. "तुमी नाईट करून यायचात, नि ही दोघं घरात धावायची. सुजय तर चालायचाच नाय, उड्या मारायचा. नुसती लादी होती तेव्हा. वाटी पडली तरी तुमी दचकून उठायचात. बोलायचात नाय काय. बाहेर येऊन भिंतीला टेकून बसायचात फक्त. नि रात्री परत तसेच डूटीला."

गुणाजी गुडघ्यांवरच बसून राहिला.

"मग सायकलवरनं पडलात," ती म्हणाली. "झोप लागली म्हणून. हनुवटीला टाके पडले. त्याच्यानंतर मी दादाला सांगितलं, कायतरी बघ. पेणला एक लॉज नवं करत होते, तिथलं जुनं कार्पेट निघालं. जिन्यातलं झिजलेलं सोडून बाकीचं दादानं गणपतीच्या मूर्ती नेतो त्या टेम्पोतनं पाठवलं. मग नुसत्या कार्पेटनं आवाज थांबंना म्हणून खाली गोधड्या शिवल्या."

गुणाजीला ते कार्पेट घरात आलं तो दिवस आठवला. सकाळी सातला शिफ्ट सुटून तो आला होता, आणि दारातच म्हणाला होता, काय साहेबांच्या बंगल्यासारखा थाट मांडलाय! अनिता तेव्हा काही बोलली नव्हती. त्यानंतर त्याला छान झोप लागायला लागली होती, एवढंही आता त्याला आठवलं. मुलं मोठी झाली म्हणून असेल, असं तो समजून होता.

"मला कधी बोलली नायस."

"तुमी जागे कधी असायचात बोलायला?"

हे ती रागानं म्हणाली नाही. पाऊस पडतोय असं सांगावं तसं म्हणाली, आणि बादली उचलून मोरीकडं गेली. गुणाजीनं ओल्या गोधडीवरून हात फिरवला. टाके बारीक, एकसारखे, सरळ रेषेत गेलेले होते. हॉलभर गेलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून कार्पेट वाळवायची खटपट सुरू झाली. ऊन असतं तर गच्चीवर टाकून मोकळं होता आलं असतं. पण आषाढात रोह्याला ऊन कुठून आणणार? कुंडलिका दुथडी भरून चालली होती, आणि भिंतीसुद्धा घाम आल्यासारख्या ओलसर लागत होत्या. दोघांनी कार्पेट चार खुर्च्यांवर उलटं टाकलं. वर पंखा, बाजूला टेबलफॅन. गोधड्यांची शिवण उसवून अनितानं त्या एकेक करून दोऱ्यांवर घातल्या आणि जरा सुकल्या की इस्त्री फिरवली. त्या कशाबशा सुकल्या. कार्पेट मात्र हट्टाला पेटल्यासारखं ओलंच. त्याला आता वास यायला लागला, शेवाळाचा आणि माशांच्या खाण्याचा. अनितानं त्यावर खायचा सोडा भुरभुरला, रात्रभर ठेवून ब्रशनं झाडला. वास थोडा मागं हटला आणि दुपारी परत आला.

"मरू दे," ती शेवटी म्हणाली. "टाकून देऊ. आता कोण झोपतंय दिवसा?"

"मी झोपतो."

"तुमाला आता कुठं डूटीला जायचंय?"

"ते काय असंल ते असो. कार्पेट टाकायचं नाय." गुणाजीचा आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. "टाकायचीच तर टाकी टाक. मासे देतो कुणालातरी. नसती पीडा मीच आणली घरात."

अनितानं त्याच्याकडं बघितलं आणि सोड्याचा डबा उचलून ती आत गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाला उठला तेव्हा ती ओट्यापाशी टोपावर वाकली होती. टोपात त्यानं हवेची नळी सोडून दिली होती, तिचे बुडबुडे चालू होते. चिमटीनं ती माशांचं खाणं टाकत होती.

"घाई नको रे, सगळ्यांना हाय," ती त्या पट्ट्यावाल्याला सांगत होती. "कालपासनं तूच खातोस."

गुणाजी आवाज न करता मागं फिरला आणि पुन्हा जाऊन पलंगावर बसला. मासे कुणाला द्यायची गोष्ट त्यानं परत काढली नाही.

त्याच सकाळी त्यानं मेव्हण्याला फोन केला. अनिताचा मोठा भाऊ सखा जोह्याला गणपतींचा कारखाना चालवायचा. इतक्या वर्षांत गुणाजीनं आपणहून त्याला कधी फोन केला नव्हता. जे काही बोलणं व्हायचं ते अनितामार्फत.

"सखादादा, मी गुणाजी."

"काय झालं?" पलीकडचा आवाज घाबराच झाला. "अनिता बरी हाय ना?"

"ती बरी हाय. तिचं कार्पेट आजारी हाय."

सगळं सांगून झाल्यावर सखादादा आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "उद्या माझा टेम्पो रोह्याला येतोय, दुकानात मूर्ती उतरवायला. परत येताना रिकामाच. टाका त्यात. आमच्याकडं ह्या दिवसात सगळं पंख्यावरच सुकतं. नि तुमी दोघंपण या त्याच्याबरोबर. ऐकलंत का? नुसतं कार्पेट पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी मूर्ती उतरवून टेम्पो दाराशी लागला. हर्षद नावाचा ड्रायव्हर होता, उंच, गप्प. तिघांनी मिळून कार्पेटची वळकटी उचलली. प्लॅस्टिकात गुंडाळून ती मागं ठेवली आणि गुणाजी व अनिता पुढं हर्षदशेजारी दाटीनं बसली. मासे दोन दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही, हे गुणाजीनं अनिताला वाटेत तीनदा सांगितलं, कारण तिनं तीनदा विचारलं.

जोह्याला पोचेपर्यंत संध्याकाळ होत आली. गावात शिरलं की घराघराच्या पडवीत गणपती. पांढरे, अजून रंग न लागलेले, निळ्या प्लॅस्टिकाच्या आडोशाला रांगेनं बसलेले. भाताची खाचरं पार घरांच्या मागच्या भिंतींपर्यंत आलेली. सखादादाची बायको बायजा भाकरतुकडा घेऊन दारात उभीच होती. ओवाळून टाकून झाल्यावर तिची नजर वळकटीवर गेली.

"हे गणपतीच्या बाजूला ठेवणार? पाय लागलेलं?"

"अगो, अजून रंगपण नाय लागला त्यांना," सखादादा म्हणाला.

"तरी काय झालं?"

"वयनीचं बरोबर हाय," अनिता म्हणाली. "दादा, मागं साच्यांच्या खोलीत टाकू."

तसं झालं. मागच्या खोलीत रिकामे साचे रचून ठेवले होते, त्यांच्यावरून दोन वासे आडवे टाकले आणि त्यांवर कार्पेट झोळीसारखं लटकवलं. दोन्ही बाजूंनी उंच पंखे लावले. पंख्यांचा वारा असा होता की गुणाजीची टोपी उडून साच्यात जाऊन पडली.

त्या रात्री गुणाजी सासुरवाडीला राहिला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, पण हे पहिल्यांदाच. एरवी भाऊबीजेला यायचं, चहा घ्यायचा, मुलांना आणि अनिताला सोडायचं आणि सेकंड शिफ्टला पोचायचं. या घरात किती खोल्या आहेत हेही त्यानं कधी धड बघितलं नव्हतं. जेवायला बसल्यावर बायजानं त्याच्या ताटात वाढायचं थांबवलंच नाही. "भावोजी, इतक्या वर्षांचं बाकी हाय," ती म्हणायची आणि वाढायची.

सकाळी तो उठला तो सरळ साच्यांच्या खोलीत गेला. कार्पेट चाचपलं. मधला भाग कोरडा झाला होता, कडा अजून दमट होत्या. त्यानं ते उलटवलं, पंख्यांची तोंडं कडांकडं फिरवली आणि एका काठीनं धोपटून काढलं. वाळूसारखा बारीक काहीतरी कचरा भुरभुर खाली पडला. इतक्या वर्षांत कधी असं झोडपलं नव्हतं बिचाऱ्याला. हात धुऊन तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"अनिता कुठं गेली?"

"ती चुलीपाशी कधी सापडायची, माहेरी आल्यावर?" बायजा म्हणाली. "कारखान्यात बघा."

कारखान्यात ट्यूबलाइटच्या उजेडात रंगाचं काम चाललं होतं. चार-पाच माणसं खाली मान घालून बसली होती. अनिता खिडकीजवळ पाटावर बसली होती. समोर फिरत्या पाटावर गुडघ्याएवढा गणपती, पिवळा पितांबर रंगवून झालेला. तिच्या हातात बारीक ब्रश होता, आणि ती पितांबराला सोनेरी काठ ओढत होती.

गुणाजी दारातच थांबला.

डाव्या हातानं ती पाट हळूहळू फिरवत होती आणि उजवा हात जागेवरच धरून होती. जणू रेघ ती काढत नव्हती, पितांबर स्वतःच फिरून तिच्या ब्रशाखाली येत होता. निरीच्या चुण्यांपाशी काठ आत वळला, बाहेर आला, पुन्हा आत गेला, आणि कुठं तुटला नाही, कुठं जाड झाला नाही. ती श्वास रोखून होती. रेघ संपली तेव्हा तिनं ब्रश उचलला आणि मगच श्वास सोडला. खालच्या ओठाचा कोपरा दातांत धरला होता, तो सोडला. हे असं ओठ धरणं गुणाजीनं कधी बघितलं नव्हतं. ह्या बाईचे हात त्याला माहीत होते, भाकरी थापणारे, कपडे पिळणारे, त्याच्या डब्याला फडकं बांधणारे. हे हात मात्र कोणा दुसरीचेच वाटत होते.

सखादादा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "शाळेत होती तेव्हापासनं काठ हिच्याकडंच. डोळे बाबा काढायचे, काठ ही. लग्न ठरलं तेव्हा बाबा म्हणाले होते, पोरगी चांगल्या घरी पडली, पण माझे पितांबर उघडे पडले. काठाचा माणूस पंधरा दिवस झाले आजारी पडलाय. सकाळी ही आली, काय न बोलता बसली. बघा, हात तसाच हाय."

अनितानं मान वळवली. "कार्पेट उलटलंत?"

"उलटलं."

"मग असं काय बघताय?"

"काठ बघतोय."

ती एकदम लाजली. मग कडक आवाजात म्हणाली, "सरका जरा. उजेड अडवताय."

तो सरकला, पण गेला नाही. बाजूला एका रिकाम्या डब्यावर बसला. अनितानं दुसरी मूर्ती पाटावर घेतली. मग तिसरी. ती काहीतरी मागायला लागली की, ब्रश पुसायचं फडकं, सोनेरी रंगाची वाटी, तो उठून द्यायचा. दुपारपर्यंत त्याला कळलं होतं की काठ ओढत असताना तिच्याशी बोलायचं नाही, आणि ब्रश उचलला की बोललेलं चालतं. जेवण झाल्यावर त्या दिवशी त्याला झोपही आली नाही.

संध्याकाळी कार्पेट पूर्ण सुकलं. नाकाजवळ धरून अनितानं वास घेतला, बायजाला घ्यायला लावला. वास गेला होता. टाकीच्या कोपऱ्यात होता तेवढा भाग काळपट राहिला होता, आणि एका बाजूनं ते चांगलं वीतभर आटलं होतं.

"आता भिंतीला नाय टेकणार," ती म्हणाली.

"नाय टेकलं तर नाय टेकलं."

निघायच्या आधी चहा पिताना सखादादानं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "अनिता, एक विचारू? गणपती सगळे रवाना होईपर्यंत येशील का? रोज नाय म्हणत. जमंल तशी."

अनितानं सवयीनं गुणाजीकडं बघितलं. आजवर कुठं जायचं म्हटलं की आधी त्याची शिफ्ट कुठली ते बघावं लागायचं.

"माझ्याकडं काय बघतेस?" गुणाजी म्हणाला. "हात तुझा हाय."

"नि घरचं?"

"भात येतो मला. डाळ शिकव."

"नि मासे?"

"मासे माझेच हायत ना?"

"माझ्या टोपात हायत," अनिता म्हणाली. मग भावाकडं वळून म्हणाली, "सोमवारपासनं येते. पण हा सोनेरी रंग परत आणू नको दादा, पांचट हाय. आधीचा आण."

रोह्याला आल्यावर दोघांनी मिळून गोधड्या अंथरल्या. अनितानं उसवलेली शिवण पुन्हा घालायला घेतली तेव्हा गुणाजी समोर बसून सुईत दोरा ओवून देत होता. चष्मा लावूनही त्याला वेळ लागायचा, आणि ती न रागावता थांबायची. मग वर कार्पेट घातलं. वीतभर लादी उघडी राहिली, काळा डाग सोफ्याखाली गेला. टाकीचं जुनं सिलिकॉन गुणाजीनं पात्यानं खरवडून काढलं, नवं भरलं, चांगलं वाळू दिलं आणि आधी अंगणात भरून बघितली. एक थेंबही गळला नाही. टाकी पुन्हा हॉलमध्ये न्यायला तो निघाला तेव्हा अनिता म्हणाली, "तिकडं नको. स्वयंपाकघरात ठेवा, ओट्याच्या बाजूला. गळली तरी लादी हाय." आणि थोड्या वेळानं, "नि मलापण दिसतील."

सोमवारपासून ती सकाळच्या गाडीनं पेणला आणि तिथून बसनं जोह्याला जायला लागली. आठवड्यातले चार दिवस ती जायची, काम जास्त असलं तर राहायची. गुणाजीची डाळ पहिल्या दिवशी नुसतं पिवळं पाणी झाली, नंतर जमली. धाकट्या अक्षयचा पुण्याहून फोन आला की तो सांगायचा, आई कामावर गेलीय. सांगताना त्याला मजा वाटायची. "कुठल्या कामावर?" अक्षयनं पहिल्यांदा विचारलं होतं, आणि गुणाजीनं त्याला काठाबद्दल सगळं सांगितलं होतं, पाट कसा फिरवायचा इथपर्यंत. पोराला तरी कुठं माहीत होतं?

श्रावणात एका शनिवारी तो तिला आणायला जोह्याला गेला. काम सुटून दोघं चालत बसच्या थांब्याकडं निघाली. पावसानं उघडीप दिली होती आणि खाचरांतला भात गुडघ्यापर्यंत आला होता. अनिताच्या नखांत सोनेरी रंग होता. ती दमली होती, पण चाल हलकी होती.

थांब्यावर कुणी नव्हतं. दोघं बाकावर टेकली. गुणाजीनं समोरच्या शेतावरची नजर तिच्या नखांकडं वळवली. मग म्हणाला, "आणखी काय काय येतं गो तुला?"

"म्हंजे?"

"म्हंजे, काठ येतात. मला म्हाईत नव्हतं. तसं आणखी काय?"

"काय तरी तुमचं." ती हसली. पण तो उत्तराची वाट बघतोय हे बघून तिनं जरा विचार केला. "पोहायला येतं."

"तुला? पोहायला?"

"मग! त्या पलीकडं तळं होतं ना, देवळाच्या मागं. वयनीच्या बहिणी नि मी. एकदा बाबांनी साच्यावर झाकायचं फडकं शोधलं शोधलं, नि ते आमी तळ्यावर नेलेलं, मासे धरायला."

"धरलेत?"

"दोन बोटांएवढे. पण ऐका ना, पुढची मजा तर वेगळीच…"

वळणावरून पेणची बस आली. आत जागाही दिसत होती. गुणाजीनं हात वर करायला घेतला आणि अर्ध्यातच खाली आणला. बस मंदावली, कुणी उठत नाही असं बघून निघून गेली.

"अहो, गेली ना!" अनिता म्हणाली.

"जाऊ दे. येईल दुसरी. फडक्याचं काय झालं मग?"